वाकळ, क्विल्ट की कसुती?

निपाणीच्या आमच्या वन्सं मे महिन्यात नोकरीतून मोकळ्या झाल्या. पंधरा दिवस त्यांनी झोप काढली, मग माळा आवरला आणि मग मला फोन केला. "वहिनी, हाताला काहीतरी पाहिजे बघा. वाकळ शिवू, का ते क्विल्टचं पुस्तक आणून बसू, का कसुती शिकू? तुम्ही सगळं करून बसलाय, सांगा की."

सगळं करून बसलेय हे खरं. त्यातलं पुरं किती केलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही आपण होऊन सांगितलं नाही. पण त्या दिवशी अर्धा तास जे बोलणं झालं, ते असाच प्रश्न पडलेल्या आणखी कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहून काढलं.

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, क्विल्ट म्हणजे मापानं कापलेले तुकडे जोडून केलेली परदेशी पद्धतीची गोधडी, आणि कसुती म्हणजे कापडाचे धागे मोजून काढायचं कर्नाटकातलं भरतकाम. तिन्हीत सुई-दोराच असल्यामुळे लांबून ती सख्खी भावंडं वाटतात. प्रत्यक्षात वाकळीला पाठ-कंबर लागते, क्विल्टला हिशेब आणि पैसा, तर कसुतीला डोळे. आपल्यापाशी यातलं काय शाबूत आहे, इथून विचार सुरू केलेला बरा.

वाकळ

नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार, २७ फूट. त्याची चारपदरी घडी घातली की पावणेसात फूट लांब आणि पन्ह्याइतकं, म्हणजे साधारण पावणेचार फूट रुंद अंथरूण होतं. एका माणसाला बरोब्बर. कात्री लावावी लागत नाही, माप घ्यावं लागत नाही. एका लुगड्याची वाकळ हलकी होते, चैत्र-वैशाखात पायावर घ्यायची. दोन लुगडी एकावर एक घातली की आठ पदर होतात आणि बेळगावचा डिसेंबर निघतो. आपलं गाव सुमारे २,५०० फुटांवर आहे, थंडी पडते हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पहाटे कळतं.

टाका एकच, धावदोरा. पहिलीच्या पोरालाही येईल. अवघड आहे ती चिकाटी. ओळींत पाऊण इंच अंतर ठेवलं तर पन्ह्यात ६० ओळी बसतात. प्रत्येक ओळ पावणेसात फुटांची, म्हणजे ४०५ फूट शिवण. रोज संध्याकाळी दोन ओळी घातल्या तर महिना. जाणत्या बायका कडेनं सुरुवात करून गोल गोल आत येतात, पण लांबी तेवढीच. मला हे एकसुरीपण आवडतं. डोकं मोकळं राहतं, रेडिओ ऐकता येतो, शेजारची आक्का येऊन बसली तर तिच्याही हातात सुई देता येते. ज्यांना दर दहा मिनिटांनी काहीतरी नवं घडायला लागतं त्यांनी या वाटेला जाऊ नये.

दोन गोष्टी मात्र आधी बघायच्या. सगळे पदर सपाट पसरून, हातानं सुरकुत्या बाहेर ढकलून, वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून घ्यायचे. हा कंटाळा केला की वाकळ मध्येच फुगा धरते आणि मग शेवटपर्यंत तो फुगा इकडून तिकडे ढकलत बसावं लागतं. दुसरं, ट्रंकेतल्या साड्या खऱ्याच सुती आहेत का ते बघायचं. कडेचा एक धागा ओढून जाळा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून काळा कडक मणी होतो. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरची जुनी सुती लुगडी आता घरोघर कमीच उरलीत, आपल्या ट्रंका सुळसुळीत साड्यांनी भरल्यात. त्या साड्यांची वाकळ दिसते झकास, पण घाम टिपत नाही, आणि शिवताना पदर एकमेकांवरून सरकतात. मी तडजोड म्हणून पोटात सुती धोतर आणि वरून एखादी रंगीत साडी घालते.

आणि धुणं. आठपदरी ओली वाकळ एकट्या बाईच्यानं पिळवत नाही. नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं घेऊन मार्कंडेय नदीवर जायची पद्धत उगाच नव्हती. नदीवर चार हात मिळायचे आणि वाळवायला खडक. टिळकवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर हा विचार शिवायच्या आधी करा. ओसरी नाही, नदी नाही, गुडघेही कुरकुरतात, असं असेल तर वाकळीचा हट्ट सोडून त्याच पद्धतीनं दुपटं शिवा. हात-दीड हात कापडाचं काम, मांडीवर मावतं, आणि तान्ह्या बाळाला नव्या कोऱ्या कापडापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेलंच लागतं.

वाकळीसाठी पुस्तक मी तरी घेणार नाही. शेजारी बसून "टाका लांब पडतोय" म्हणणारं कुणीतरी पुरतं.

इथं थोडं विषयांतर. वाकळ म्हणजे कलाबिला काही नाही, नुसतं अंथरूण, असं ज्यांना वाटतं त्यांनी हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांचं कवंद बघावं. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून आत आत जोडत नेलेले, वरून सगळीकडे धावदोरा, आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं. फुलाशिवाय कवंद त्यांना अपुरं वाटतं. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांची ही पुढची पिढी आणि तिच्या हातची ही रंगांची समज. मोजपट्टी नाही, कागदावर आराखडा नाही. ते बघून शिकावं, जमलं तर त्यांच्याकडून विकत घ्यावं. नक्कल करून आपल्या नावानं प्रदर्शनात मांडणं मला पटत नाही.

क्विल्ट, आणि त्याची पुस्तकं

क्विल्टचा जीव मापात असतो. वरचा तुकड्यांचा थर, मधलं भरण आणि खालचं कापड असे तीन थर. वरच्या थरातली प्रत्येक शिवण पाव इंच आत घ्यायची. ब्लाऊज शिवणाऱ्या हाताला हे रुचत नाही, कारण तिथं आपण सढळ कापड आत सोडतो, पुढं उसवायला लागेल म्हणून. इथं पाव इंच म्हणजे दोन सूत, कमी नाही, जास्त नाही. अडीच इंचांचे नऊ चौकोन जोडले की सहा इंचांचा ब्लॉक मिळतो. असे सहा ब्लॉक एका ओळीत म्हणजे अठरा चौकोन, सतरा शिवणी. दर शिवणीला एक सूत जास्त आत गेलं तर दोन्ही बाजूंचं मिळून ओळीच्या शेवटी सव्वाचार इंच गायब! खालची ओळ बरोबर शिवली असेल तर दोघींचं जन्मात पटत नाही.

ज्यांना या हिशेबाची मजा वाटते त्यांनी खुशाल क्विल्टच घ्यावं. माझ्या ओळखीत एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. बायकोच्या पायाच्या मशीनवर ते माझ्यापेक्षा नेटके त्रिकोण जोडतात. त्रिकोणाला तर अजून चिमटीभर जास्त माप लागतं. दोन त्रिकोण जोडून सहा इंचांचा चौकोन हवा असेल तर कापड पावणेसात इंच आणि वर एक सूत कापायचं.

पुस्तक खरं लागतं ते इथं. मोबाईलवरच्या व्हिडिओत हात दिसतात पण आकडे पळून जातात. पुस्तक मशीनच्या शेजारी उघडं पडून राहतं, पाचव्यांदा बघितलं तरी कंटाळत नाही. घेताना ते सपाट उघडं राहतं का बघा. नमुने खऱ्या मापात छापलेत का, आणि कडेच्या पट्टीचा कोपरा कसा वळवायचा याची पायरीपायरीनं चित्रं आहेत का, हेही चाळून घ्या. झगमगीत फोटोंवर जाऊ नका. नमुन्याची झेरॉक्स काढाल तर आधी एक इंचाचा चौकोन काढून तोही सोबत छापायचा आणि पट्टीनं मोजायचा. मशीन पानात बसवायला आकार गुपचूप कमी करतं. माझी एक अख्खी संध्याकाळ अशी गेली आहे.

बहुतेक पुस्तकं इंग्रजी, म्हणजे इंच-वारातली आणि थंड देशांतली. तिथले शब्द गमतीचे आहेत. 'जेली रोल' म्हणजे अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी, 'फॅट क्वार्टर' म्हणजे १८ बाय २२ इंचांचा तुकडा. आपल्या दुकानात असलं काही मागितलं तर दुकानदार मुलाला मिठाईच्या दुकानाचा रस्ता दाखवायला सांगेल. ४४ पन्ह्याचं अर्धा मीटर सुती कापड घ्यायचं आणि मधून उभं कापायचं. दोन तुकडे मिळतात आणि वर दीड-पावणेदोन इंच जास्तच. मधल्या थराला ही पुस्तकं जाडजूड भरण सांगतात. इथं त्याची गरज नाही, एक जुनी सुती चादर घातली की झालं. पातळ थर घरच्या मशीनखालून जातोही सहज. पलंगाएवढ्या क्विल्टची वळकटी काळ्या मशीनच्या त्या वीतभर जागेतून सरकवायची म्हणजे खांदे भरून येतात. पहिलं काम उशीच्या अभ्र्याएवढंच घ्या. नऊ ब्लॉक, १८ इंच.

नवं कापड आधी धुवा. मी लाल कापड न धुता पांढऱ्याशेजारी लावलं होतं. पहिल्या धुण्यात सगळं गुलाबी झालं. "डिझाईन आहे" म्हणून खपवलं, पण मला माहीत आहे ना.

मशीनवर कधीच बसला नसाल तर क्विल्टच्या आधी मराठीतलं साधं शिवणकामाचं पुस्तक घ्या किंवा गल्लीतला शिवणक्लास लावा. झबलं, कुंची, परकर. त्यात क्विल्ट नसतं, पण सरळ शिवण येते.

आणि एक कबुली. या पुस्तकांतली निम्मी मी नुसती वाचते. सार्वजनिक वाचनालयातून आणायची, पावसाळी दुपारी चहासोबत पानं उलटायची, 'लॉग केबिन' नावाच्या क्विल्टच्या नमुन्यात मधोमध लाल चौकोन का घालतात ते वाचायचं (तो चुलीचा विस्तव मानतात), आणि परत करायची. पाककृतींची पुस्तकं वाचणारे सगळे रोज पुरणपोळी करतात थोडंच? हा छंद वेगळा आहे आणि तोही चालतो. फक्त त्यासाठी मशीन विकत घेऊ नका.

कसुती

खर्चानं सगळ्यांत स्वस्त आणि जागेनं सगळ्यांत लहान. मॅटीचा तुकडा, अँकरच्या दोऱ्याची एक लडी, बोथट टोकाची सुई. पिशवीत घालून निपाणी-बेळगाव एसटीत बसता येतं, मात्र गाडीत शिवायचं नाही, कारण इथं धागे मोजायचे असतात. छापा नाही, पेन्सिलची रेघ नाही. गवंती नावाच्या टाक्यात एक आड एक टाका घालत पुढं जायचं आणि त्याच वाटेनं परत येत गाळलेल्या जागा भरायच्या. मुरगी तशीच, पण पायऱ्या-पायऱ्यांची. या दोन्ही उलटसुलट सारख्या दिसतात, म्हणून गाठ मारायची नाही, दोरा टाक्यांतच मुरवायचा. नेगी विणल्यासारखी दिसते आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका. कन्नडमध्ये मेंत्ये म्हणजे मेथी.

जाताना एक धागा चुकीचा मोजला तर ते येताना कळतं. मग उसवणं आलं. वाकळीत चुकलेला टाका खपतो, क्विल्टमध्ये थोडी ओढाताण करता येते, कसुतीत तडजोडच नाही. आषाढात आपल्याकडे दुपारी तीनला दिवा लावावा लागतो, तेव्हा मी कसुती बांधून ठेवते. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर आधी ते करून घ्या.

पुस्तक मात्र कसुतीचंच सगळ्यांत सोपं. कन्नड मी बोलते भराभर, वाचताना बोट ठेवावं लागतं. पण गोपुर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन यांच्या चौकटीच्या कागदावरच्या आकृत्यांना भाषा लागत नाही. एक रेघ, एक टाका. इलकल साडीवर काढायचं असेल तर साडीवर जाळी टाचून त्यावर भरतात आणि नंतर जाळीचे धागे एकेक ओढून काढतात. ते मात्र कुणाकडून तरी प्रत्यक्ष बघा. धारवाड ऐंशी किलोमीटरच्या आतच आहे.

मग वन्संनी काय करावं?

त्यांना विचारलं, तुम्हाला काय करताना वेळ कळत नाही? म्हणाल्या, तांदूळ निवडताना. बोलत बोलत, एकाच जागी, घाई नाही. हिशेब त्यांनी तीस वर्षं कचेरीत केला, आता एक सूतसुद्धा मोजायचं नाही म्हणाल्या. डोळ्यांना चष्मा जाड. घर जुनं, पडवी मोठी, सुनेच्या हाताशी मदत. मी वाकळ सांगितली. क्विल्टची दोन पुस्तकं नुसती बघायला पाठवते म्हटलं.

त्यांच्या जागी तुम्ही असाल आणि घरात धूळ खाणारं मशीन, मोजमापाची हौस आणि थोडा पैसा असेल, तर मी उलट सांगेन. भाड्याच्या दोन खोल्या आणि तरुण डोळे असतील तर कसुती, दुसरा विचार नको.

गेल्या आठवड्यात परत फोन आला. अकरा ओळी झाल्यात. "वहिनी, दोरा संपला की गाठ वर ठेवायची का खाली?"

वर नाही, खाली नाही. दोन पदरांच्या मध्ये सुई घालायची आणि गाठ पोटात ओढून घ्यायची.