‘भारत गृह रक्षा’ आणि भिंतींची ओल : एकाच पॉलिसीखालचे दोन दावे

ठाण्यातील आमची सदनिका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर असून तिची एक भिंत थेट पश्चिमेचा पाऊस अंगावर घेते. मागच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतराने घरातील दोन भिंतींवर काळा बुरा चढला. दोन्हींचा वास तितकाच कुबट होता, दोन्हींचे पोपडे सारखेच निघत होते आणि दोन्हींसाठी मी एकाच विमा कंपनीकडे दावा केला. त्यांपैकी एक मंजूर झाला आणि दुसरा नामंजूर. ‘भारत गृह रक्षा’ या पॉलिसीचे परीक्षण मी या दोन भिंतींच्या आधारे करत आहे.

ही पॉलिसी कोणा एका कंपनीची नाही. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने ठरवून दिलेला हा प्रमाणित मसुदा १ एप्रिल २०२१ पासून घरांचा विमा उतरवणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकणे बंधनकारक करण्यात आले, त्यामुळे मूळ कलमे सगळीकडे सारखीच असतात आणि निवड करताना पाहायचे ते हप्ता आणि सेवा एवढेच उरते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल अशा धोक्यांची त्यात यादी आहे आणि त्या यादीतच पाण्याच्या टाक्या, उपकरणे किंवा पाइप फुटणे अथवा भरून वाहणे हाही एक धोका आहे. ओल, पाझर, लोणा किंवा बुरशी हे शब्द मात्र त्या यादीत नाहीत. यादीतला धोका घडला तरच भरपाई, अशी या पॉलिसीची रचना असल्यामुळे बुरशी किती पसरली यापेक्षा ती कशामुळे आली, हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीतला पाइप एका रात्री फुटला आणि सकाळपर्यंत शेजारच्या खोलीतली गादी, पुस्तकांचे दोन खण आणि भिंतीचा खालचा गिलावा भिजून गेला. त्याच दिवशी कंपनीला कळवले, पण नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेयर चौथ्या दिवशी आला. इथे विमाधारकाची खरी कोंडी होते, कारण भिजलेल्या वस्तू एक-दोन दिवसांत वाळल्या नाहीत तर बुरा धरणारच आणि नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे ही तर विमाधारकाचीच जबाबदारी आहे. उलट सगळे आवरून टाकले, तर सर्व्हेयरला दाखवायचे काय? मी आधी फोटो आणि व्हिडिओ काढले, मग पंखे लावून खोली वाळवली, भिजलेली गादी बाल्कनीत ठेवून दिली आणि प्लंबरकडून तारखेसह पावती घेऊन फुटलेला तुकडा जपून ठेवला. पुढे तो तुकडाच सर्वांत उपयोगी पडला. गिलावा, रंगकाम, गादी आणि पुस्तके यांची भरपाई मिळाली, नंतर आलेला बुराही त्याच घटनेचा परिणाम म्हणून मान्य झाला. नव्या पाइपाचा खर्च मात्र माझा मलाच सोसावा लागला.

पश्चिमेच्या भिंतीपाशी आल्यावर सर्व्हेयरने एकच प्रश्न विचारला : ही ओल कोणत्या दिवशी आली? मला उत्तर देता आले नाही. वादळाने काही उडवून नेले, तुटले आणि त्या वाटेने पाणी आत शिरले, असे दाखवता आले असते तर गोष्ट वेगळी होती. आमच्या भिंतीत मात्र बाहेरच्या गिलाव्याच्या भेगांतून दोन-तीन पावसाळे पाणी झिरपत होते आणि कपाटामागे असल्यामुळे ते आम्हाला दिसले नव्हते. नकाराचे पत्र आले तेव्हा राग आला, पण कलमे पुन्हा वाचल्यावर तो नकार चुकीचा म्हणता येईना. चूक वाटते ती विक्रीची, कारण पॉलिसी घेताना ‘पाण्यामुळे झालेले सगळे नुकसान यात येते’ असे मला तोंडी सांगण्यात आले होते आणि मीही ते लेखी मागितले नाही. निर्णय अन्यायाचा वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते, परंतु या भिंतीसाठी त्या वाटेने जावे असे मला वाटले नाही.

त्या भिंतीचा धनी खरे तर विमा कंपनी नव्हेच. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइपांची गळती आणि गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याने वरच्या मजल्यावरील सदनिकांच्या छताच्या गिलाव्याचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते. मी हे सेक्रेटरींना आधीच लिहून द्यायला हवे होते.

मग ही पॉलिसी घ्यावी का? चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी घराघरांत शिरले, तिथे तर नक्कीच घ्यावी, कारण पुरानंतर भिंतींत राहणारी ओल पूर या धोक्याच्याच पोटात येते. विमा रक्कम प्रत्यक्ष किमतीपेक्षा कमी धरली गेली म्हणून त्या प्रमाणात भरपाई कापली जात नाही, ही यातली मोठी सोय आहे. शिवाय इमारतीसोबत सामानाचाही विमा घेतल्यास इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामानाचे संरक्षण वेगळी यादी न देता मिळते. कर्ज देताना बँकेने गळ्यात घातलेली पॉलिसी मात्र पुष्कळदा केवळ इमारतीची असते. आमची तशी असती तर गादी आणि पुस्तकांचे पैसे मिळाले नसते.

मी नूतनीकरण केले आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहे आणि पश्चिमेच्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला आहे.