लो-डोस सीटी : मशीनला पाच तारे, काउंटरला दोन

वय 61, सिगारेट सोडून पाच वर्षं झाली. छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून कर्वे रस्त्याकडच्या एका सेंटरमध्ये फुफ्फुसांचा लो-डोस (कमी किरणांचा) सीटी केला, कॅन्सर असलाच तर लवकर कळावा म्हणून.

तपासणी म्हणाल तर काहीच नाही. उपाशी राहायचं नाही, शिरेत औषध नाही. हात डोक्यावर घेऊन झोपायचं, श्वास धरायचा, की झालं. टेक्निशियन पोरगा गुणी. खोकल्याची ढास येते म्हटल्यावर आधी पाणी पाजलं, मग श्वास धरायची रंगीत तालीम घेतली. किरणंही छातीच्या नेहमीच्या सीटीपेक्षा बरीच कमी.

गोंधळ काउंटरवर. फॉर्मवर विचारलंय, 'रोज किती पाकिटं?' मी लिहिलं दोन. बाईंनी त्याला 28 वर्षांनी गुणलं आणि 56 पॅक-इयर (रोजची पाकिटं गुणिले ओढल्याची वर्षं) टाकून मोकळ्या! अहो, तो हिशोब 20 सिगारेटच्या पाकिटाचा. आपल्या टपरीवरचं पाकीट दहाचं. म्हणजे 28. ही तपासणी कोणी करावी याच्या अमेरिकेच्या 2021 च्या निकषात (वय 50 ते 80, किमान 20 पॅक-इयर, सोडून 15 वर्षांच्या आत) मी तरीही बसतो. पण रोज दहा ओढणारा माणूस उगाच दुप्पट धरला जाणार. बिडीचं तर फॉर्मवर नावच नाही.

शेजारी हिंजवडीतला तिशीचा मुलगा बसलेला. जन्मात सिगारेट ओढली नाही, पण 'फुल बॉडी' पॅकेजात सीटी आहे म्हणून आला. त्याला कोणी अडवलं नाही. 2011 साली अमेरिकेतल्या 53 हजारांवर लोकांच्या अभ्यासात एक्स-रेच्या तुलनेत सीटीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले खरे, पण ते सगळे वर्षानुवर्षं भरपूर ओढलेले, 55 च्या पुढचे. आणि त्यातही सीटीत जे संशयास्पद दिसलं, त्यातलं बहुतेक कॅन्सर नव्हतंच.

रिपोर्ट रात्री व्हॉट्सॲपवर येऊन पडला : '4 मिमी नोड्यूल', म्हणजे बारीक गाठ. सोबत ना फोन, ना खुलासा. हिने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. सकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. "काका, जुन्या टीबीचा डाग आहे, चुना धरलाय त्याने. आपल्याकडे अशा छात्या रोज बघतो. वर्षाने परत काढू."

पुढच्या वर्षी इथेच जाईन, त्या पोरासाठी. रिपोर्ट मात्र सेंटरने थेट डॉक्टरांकडे पाठवावा, तसं आधीच सांगून ठेवणार आहे. गाडी लावताना सम-विषमची पाटी बघा, टोईंगवाले कोपऱ्यावरच असतात.