फ्रान्समधली जुनी इस्टेट मुंबईत बसून घ्यायची सर्व्हिस: घराला चार स्टार, जमिनीला दोन

सर्व्हिस फालतू नाहीये, हे आधीच सांगतो. एजन्सी फ्रेंच आहे. त्यांची माणसं मुंबईत फोर्टमधल्या एका हॉटेलात प्रेझेंटेशन करतात, मग व्हिडिओ टूर, मग सगळ्या कागदांची ऑनलाइन फाइल, आणि तुम्ही सिरियस असाल तर तिकडे साइट व्हिजिट. पार्ल्याच्या आमच्या ओळखीच्या काका-काकूंना अशी इस्टेट घ्यायचीय, मुलगी तिकडेच सेटल झालीय, आणि मी इथे जुन्या दगडी बिल्डिंगांच्या रिपेअरचं काम करतो म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं.

प्रॉपर्टी लोआर नदीच्या खोऱ्यातली. 18व्या शतकातला शातो (म्हणजे सरदारी थाटाचा मोठा वाडा), पांढऱ्या तुफो दगडाचा, वर स्लेटचं छप्पर, बाजूला घोड्यांच्या पागा, लिंबू-संत्र्याच्या कुंड्या थंडीत ठेवायची ऑरांजेरी, भिंतीच्या आतली भाजीची बाग, तळं, आणि एकूण 40 हेक्टर जमीन. म्हणजे जवळजवळ 100 एकर, आपलं शिवाजी पार्कचं मैदान साधारण 28 एकर आहे, त्यावरून अंदाज घ्या.

घराच्या बाबतीत त्यांनी खरंच मनापासून काम केलंय. तुफो हा मऊ चुनखडीचा दगड, पाणी पितो आणि सोडतो, त्यावर सिमेंट मारलं की ओल आत अडकते आणि दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. इथे मुंबईत पोरबंदर स्टोनच्या जुन्या बिल्डिंगांना सिमेंटने ‘रिपेअर’ करून लोकांनी नेमकं हेच करून ठेवलंय, बघून जीव तुटतो. या शातोच्या जोत्यालाही कोणीतरी सिमेंटचा पट्टा मारलाय आणि एजन्सीने तो लपवला नाही, जवळून फोटो दाखवले, काढून चुन्यात परत करायला लागेल हे स्वतःहून सांगितलं. शिसं, अॅस्बेस्टॉस, वाळवी, जुनं वायरिंग, सगळ्यांचे तपासणी रिपोर्ट फाइलमध्ये होते (तिकडे विकणाऱ्याला ते द्यावेच लागतात). सांडपाण्याची टाकी नियमात बसत नाही हेही लिहिलेलं होतं, आणि घेणाऱ्याने ती खरेदीनंतर एका वर्षात नीट करायची असते हे पण. एवढा प्रामाणिकपणा मी इथल्या रिसेलच्या व्यवहारात क्वचित पाहिलाय.

हेरिटेजचा भागही बरा समजावला. 1913 च्या कायद्याखाली दोन दर्जे आहेत, ‘क्लासे’ म्हणजे कडक आणि ‘अँस्क्री’ म्हणजे थोडा सैल, आपल्याकडे 1995 च्या हेरिटेज नियमांत ग्रेड आहेत तसंच काहीसं. ही प्रॉपर्टी दुसऱ्यात येते. दर्शनी भाग, छप्पर आणि बागेचं लोखंडी गेट यांना सरकारी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मला हे योग्यच वाटतं, ज्याला हे जाचक वाटतं त्याने नवीन व्हिला घ्यावा.

आता जमीन. इथे मात्र सगळं ढेपाळलं. तासाभराच्या प्रेझेंटेशनमध्ये 40 हेक्टरला मोजून चार स्लाइड, त्याही ड्रोनच्या, संध्याकाळच्या उन्हातल्या. काकूंनी साधा प्रश्न विचारला, "अहो, हे सगळं राखायला माणसं किती लागतात?" तर उत्तर आलं की आत्ता एक माळी आहे आणि बाकीचं बाहेरून करून घेतात. कशाला किती पैसे जातात याचा एक कागद नाही. समोरची ती नक्षीची हिरवी बाग बॉक्सवूडची आहे, आणि या झुडपाला खाणारी एक आशियाई पतंगाची अळी 2007 च्या सुमारास युरोपात पोचली आणि तेव्हापासून तिने धुमाकूळ घातलाय. व्हॉ-ल-व्हिकॉन्तसारख्या नावाजलेल्या बागेत, जी ल नोत्र या बागा आखणाऱ्या फ्रेंच माणसाने 17व्या शतकात आखली, तिथेसुद्धा बॉक्सवूडची नक्षी काढून टाकावी लागली. मग या बागेत अळी आलीय का, फवारणी कोण करतं, हे नको सांगायला? तळ्यातला गाळ शेवटचा कधी काढला, बांध कुणाच्या जबाबदारीचा, जंगलात शिकारीचा हक्क कुणाला दिलाय, सगळ्याला "कळवतो".

आणि सगळ्यात मोठी गोष्ट एका वाक्यात उरकली. "गवताळ भाग शेजारचा शेतकरी बघतो." मी तिथेच थांबवलं, कारण फ्रान्समध्ये शेतजमिनीच्या भाडेकरूला जबरदस्त संरक्षण आहे, करार किमान नऊ वर्षांचा, तो आपोआप पुढे चालू राहतो, तोंडी असला तरी कायदा तो धरतो, आणि अटी पूर्ण असतील तर जमीन विकताना पहिला हक्क त्याचा. आपल्याकडे कूळ म्हटलं की कोकणातल्या माणसाचे कान टवकारतात ना, तसेच इथे टवकारायला हवेत. त्यावर ‘साफेर’ नावाची संस्था आहे, तिला ग्रामीण जमिनीच्या विक्रीची नोटीस जाते आणि दोन महिन्यांत ती स्वतः खरेदीचा हक्क वापरू शकते. हे एजन्सीने मी विचारल्यावर सांगितलं, आधी नाही. आपल्याकडे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीनच घेता येत नाही, तिकडे परदेशी माणसाला घेता येते म्हणून लोक खूश होतात आणि पुढचं विचारत नाहीत.

पैशांबद्दल थोडक्यात. जुन्या घराला नोतेरचा (खरेदीखत करणारा तिकडचा सरकारमान्य वकील) खर्च धरून किमतीवर 7 ते 8 टक्के जातात, त्यातला बराचसा टॅक्सच असतो. प्राथमिक करार झाला की घेणाऱ्याला 10 दिवस माघार घेता येते, बयाणा साधारण 5 ते 10 टक्के. इथून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, घरच्यांचे एकत्र करायचे तर सगळ्यांची नावं मालकीत हवीत, वर 10 लाख रुपयांच्या पुढे 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो टॅक्स, कापला जातो (रिटर्नमध्ये अॅडजस्ट होतो, पण तोवर अडकतो). घर घेतल्याने तिकडे राहायचा परवाना मिळत नाही, हे एजन्सीने स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मार्क.

तुम्ही यांच्याकडे जाणार असाल तर घराची फाइल नंतर बघा. आधी जमिनीच्या तुकड्यांचे नंबर, नकाशा, प्रत्येक तुकडा कोण वापरतो, आणि मागच्या तीन वर्षांची बागेची बिलं मागा. साइट व्हिजिटला ते जून सुचवतात, तुम्ही फेब्रुवारीत जा, पानं गळलेली असतात, ओल दिसते, पाणी कुठे तुंबतं ते कळतं.

काकांना शातो मनापासून आवडलाय, मलाही. पण शेतकऱ्याच्या कराराचं नोतेरकडून लेखी आल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, असं आमचं ठरलंय, आणि ते पत्र अजून आलेलं नाही.