सब सँडविच: जळगावहून बांधून न्यायचं की घरी करायचं?

जळगावला अप-डाउन करणारे बरेच जण संध्याकाळी मुलांसाठी सब, म्हणजे लांब पावाचं भरलेलं सँडविच, बांधून नेतात. कधीतरी विचार येतोच, की हेच घरी केलं तर? मी भुसावळचा. दोन्ही भरपूर करून झालंय, म्हणून हे लिहितोय.

दुकानातलं सब वाईट असतं असं अजिबात नाही. काउंटरवरच बसून खायचं असेल तर मी दुकानालाच मत देईन. पाव मऊ, समोर टोस्ट करून मिळतो, भाज्या दहा प्रकारच्या, प्रत्येकाच्या आवडीचं वेगळं. घरी एवढ्यासाठी ऑलिव्ह आणि हालापेन्योच्या (खारवलेल्या मेक्सिकन मिरचीच्या) बरण्या फोडायच्या म्हणजे उरलेलं कितीतरी दिवस फ्रीजमध्ये पडून राहतं. लेट्यूस तर भुसावळच्या बाजारात रोज मिळेल याची खात्री नाही.

अडचण आहे ती बांधून नेण्यात. जळगाव-भुसावळ अंतर पंचवीसेक किलोमीटर. गाडी वेळेवर असली तरी दुकान, स्टेशन, गाडी, घर यात तास-सव्वा तास जातो. घरी कागद उघडला की वरचा पाव ठीक असतो, खालचा पार गिचका झालेला. उचलायला गेलं की मधोमध तुटतो, पॅटी ताटात आणि सॉस मनगटावर. मुलं मग चमच्यानं खातात. एवढे पैसे मोजून चमच्यानं सब खायचं, हे मला काही केल्या पटलं नाही. माझा निर्णय खरं तर इथेच झाला.

कारणं साधी आहेत. गरम पाव कागदात घट्ट गुंडाळला की वाफ आतच अडकते. चिरलेल्या टोमॅटो-काकडीवर मीठ पडलं की त्यांना पाणी सुटतं. ऑलिव्ह आणि हालापेन्यो खारवलेल्या पाण्यातून थेट पावावर येतात. वर सॉस. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, म्हणजे लेट्यूस घरी पोचेपर्यंत मान टाकतो. मी सॉस वेगळा मागून पाहिला. दुकानवाल्यांनी कुरकुर न करता दिला, फरकही पडला, पण निम्माच. भाज्यांचं पाणी सुटायचं ते सुटतंच.

घरी हे सगळं आपल्या हातात असतं. पाव मधून कापायचा, आतल्या दोन्ही बाजू तव्यावर कोरड्याच शेकायच्या आणि पूर्ण गार होऊ द्यायच्या. मग कडेपर्यंत लोणी. लोण्याचा थर पाणी पावात मुरू देत नाही, म्हणून इथे हात आखडू नये. त्यावर चीजची स्लाइस, मग पॅटी किंवा पनीर, मग भाज्या. सॉस भाज्यांच्या मध्ये, पावाला टेकेल असा नाही. टोमॅटो आणि काकडीच्या बिया काढून टाकायच्या, मीठ अगदी खायच्या वेळी. लेट्यूसऐवजी बारीक चिरलेली पत्ताकोबी घातली तर ती डब्यातही करकरीत राहते. असं केलेलं सब मी सकाळी डब्यात घेऊन जातो आणि दुपारी एक वाजता ते हातात धरून खाता येतं.

पाव हीच घरच्या सबची कमजोर बाजू. बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगितलं तर लांब पाव करून देतो, पण दुकानाइतका हलका नसतो. ‘ब्राउन’ पावाचा रंग बघून भुलू नये. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मैदा पहिला असेल तर तो मैद्याचाच पाव. साखरेकडेही लक्ष असू द्यावं. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘सबवे’ या सब विकणाऱ्या कंपनीच्या पावाला करसवलतीपुरता ‘पाव’ मानायला नकार दिला होता. तिथल्या कायद्यात साखरेची मर्यादा पिठाच्या वजनाच्या २ टक्के होती आणि त्या पावात ती १० टक्के होती.

पोषणाचं म्हणाल तर पावाइतकंच आत काय भरलंय त्यावर ठरतं. बटाट्याची पॅटी म्हणजे मैद्यात बटाटा. पोट भरतं, प्रथिनं मात्र जेमतेम. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे एका सबमध्ये ५०-६० ग्रॅम घातलं तरी नऊ-दहा ग्रॅम झाली. अंडं चालत असेल तर दोन अंड्यांचं ऑम्लेट घालावं, बारा-तेरा ग्रॅम मिळतात. अंड्याच्या मेयोनेजच्या एका मोठ्या चमच्यात ९० ते १०० कॅलरी असतात आणि काउंटरवर बाटली पिळली जाते तेव्हा चमचा कोणी मोजत नाही. अमेरिकेत इटालियन पद्धतीच्या सबवर मेयोऐवजी तेल, व्हिनेगर आणि ओरेगॅनो घालतात. घट्ट दही बांधून त्यात लसूण-मिरचीचा ठेचा कालवला तर आपल्या तोंडाला तेही पुरतं. मिठाचं मात्र दोन्हीकडे सांभाळावं लागतं. पाव, चीज, सॉस, ऑलिव्ह सगळीकडून ते येतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे.

घरच्या सबकडे माझा कल आहे त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते फक्त थंडीत लागू होतं: भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदकडची ती हिरवी-पांढरट, कमी बियांची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजून, हिरवी मिरची-लसूण ठेचून, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून केलेलं भरीत शेकलेल्या पावात फार छान बसतं. तेल थोडं निथळून घ्यावं, सॉस काहीच नको. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीची सर त्याला येणार नाही, हे आमच्या घरातल्या मोठ्यांचं म्हणणं मलाही मान्य आहे. पण मुलं भरीत मागून खातात ती याच रूपात.

तुमचं घर जळगावातच, दुकानापासून दहा मिनिटांवर असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. खुशाल विकत आणा. वाढदिवसाला वीस-पंचवीस मुलं येणार असतील तरी ऑर्डरच द्यावी, घरी तेवढे पाव शेकत बसण्यात अर्थ नाही. फक्त सांगताना सॉस, टोमॅटो आणि काकडी वेगळ्या डब्यात मागा, आणि सब गार झाल्यावरच गुंडाळायला सांगा.