द्वारा : निपाणीचे एक झेरॉक्स दुकान

निवृत्त झाल्यावर बेळगावच्या शहापूर भागातील घर भाड्याने देऊन आम्ही उभयतांनी एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीत संसार थाटला, त्याला आता दोन वर्षे होत आली. आमची भटकंती फार लांबची नाही. पावसाळ्यात गोकाक-हिडकलकडचा कमी पावसाचा पट्टा, थंडीत खानापूर-जांबोटीचे रान, उन्हाळा वाढला की आंबोली, आणि मधून मधून चिंचलीच्या मायाक्काचे किंवा मंगसुळीच्या खंडोबाचे दर्शन, एवढाच आमचा फेरा. गाडीत झोपायची जागा, दोन शेगड्या, छतावर सौर पॅनेल, असे सगळे आहे. दारावर नावाची पाटी तेवढी नाही. पहिल्या सहा महिन्यांत पाण्याच्या पंपाने दिला नाही इतका ताप आम्हाला टपालाने दिला. तो ज्या दुकानामुळे बराचसा कमी झाला, त्याविषयी हे लिहीत आहे. आपण दुकानात पार्सले ठेवतो याचा गवगवा होऊ नये, अशी मालकांची इच्छा असल्यामुळे नाव देत नाही. मात्र अशी दुकाने सीमाभागातील बहुतेक बाजारगावांत सापडतात आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे पुढील अनुभवावरून कळेल.

आधी आम्ही जे सर्वजण करतात तेच केले, म्हणजे जुन्या घराचा पत्ता तसाच चालू ठेवला. भाडेकरू सज्जन आहेत, पण सज्जन माणूस खरे बोलतो. एका बँकेचे नवे कार्ड घेऊन माणूस दारात आला तेव्हा त्यांनी "ते आता इथे राहत नाहीत" असे प्रामाणिकपणे सांगितले आणि कार्ड आल्या पावली परत गेले. बँकेने पत्ता पडताळणीसाठी पुन्हा अर्ज मागितला, अर्जासोबत राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला, आणि राहता पत्ता त्या दिवशी हिडकल धरणाच्या कडेचे एक बाभळीचे झाड होते.

दुसरा प्रयत्न खानापूरच्या एका आप्तांचा पत्ता देण्याचा झाला आणि त्यात नावाने घात केला. आमचे खानापूर बेळगाव जिल्ह्यातले, त्याचा पिन ५९१३०२. पण सांगली जिल्ह्यातही विट्याजवळ एक खानापूर आहे. पुण्याच्या विक्रेत्याने मराठी नाव पाहून राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र टाकले, पिन त्यानुसार "दुरुस्त" केला, आणि आमच्या पंपाचे रबरी पडदे आठ दिवस विट्याच्या वाऱ्या करून मूळ गावी परतले. खरे तर एकसारख्या गावांच्या नावांनी आणि वेगवेगळ्या भाषांतील पत्त्यांनी होणारा हाच घोळ टळावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित टपाल अधिकाऱ्याने पिनची कल्पना मांडली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग दाखवतो. आपल्याकडे ५ म्हणजे कर्नाटक, आंध्र, तेलंगण आणि ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. सीमाभागात राहणाऱ्याने मनातला नकाशा कोणताही ठेवावा, पाकिटावरचा पहिला आकडा मात्र ५ आहे याची स्वतः खात्री करून घ्यावी. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झाले. काही संकेतस्थळांच्या यादीत अजून जुने नाव आहे, काहींत फक्त नवे आहे, आणि आम्ही यादीत जे असेल ते मुकाट्याने निवडतो.

असे पोळून झाल्यावर निपाणीच्या बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या या दुकानाची माहिती एका ट्रकचालकाने दिली. निपाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आहे, कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर आणि बेळगाव सुमारे पंचाहत्तर. त्यामुळे आम्ही कोणत्याही दिशेला असलो तरी पंधरा-वीस दिवसांत एकदा तरी तिथून जातोच. दुकान म्हणजे दहा फूट रुंदीचा गाळा. वर कन्नड आणि खाली मराठी पाटी, आत एक झेरॉक्स यंत्र, फॉर्म भरून देण्यासाठी एक संगणक, आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत लोखंडी मांडणी. त्या मांडणीचे कप्पे दुकानदाराने तारखेप्रमाणे पाडले आहेत, आडनावाप्रमाणे नाहीत. पार्सल आले की तो आधी त्याचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढतो, मग फुलस्केप वहीत तारीख, कुरिअर, वजनाचा अंदाज आणि "कोपरा दबलेला" किंवा "टेप दुहेरी" असा शेरा लिहितो, आणि शेवटी जाड काळ्या पेनाने खोक्यावर ग्राहकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाकतो. फोटो लगेच व्हॉट्सॲपवर येतो. "मास्तर, पार्सल आलंय, कवा येतासा?" हा त्याचा ठरलेला निरोप, त्याला उत्तर दिले नाही तर तो तिसऱ्या दिवशी फोन करतो, पहिल्या दोन दिवसांत कधीच करत नाही, आणि हे तारतम्य मला फार आवडते.

या चार आकड्यांमागे एक कथा आहे. आमचे आडनाव पाटील. निपाणीच्या बाजारात "अहो पाटील" अशी हाक मारली तर अर्धा रस्ता मागे वळून पाहतो. सुरुवातीच्या दिवसांत दुकानदाराच्या भावाने आमचे रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट दुसऱ्याच एका पाटलांना दिले. त्या गृहस्थांनी ते घरी नेऊन उघडले, गोळ्या आपल्याच आहेत असे समजून (त्यांनाही रक्तदाब होता) दोन दिवस घेतल्या, आणि तिसऱ्या दिवशी नाव वाचून परत आणून दिल्या. कुणाला काही झाले नाही. पण मी त्या दिवशी दुकानात जे बोललो ते या लेखात लिहिण्यासारखे नाही. त्यानंतर दुकानदाराने आकडे टाकायला सुरुवात केली, आणि आता ओळखीचा माणूस असला तरी आकडे विचारल्याशिवाय तो खोके हातात देत नाही.

दर साधे आहेत. पाकिटाला वीस रुपये, खोक्याला चाळीस, पंधरा दिवसांनंतर प्रत्येक दिवसाला पाच. आमचा महिन्याचा खर्च सरासरी दीडशेच्या आसपास जातो. मला हे महाग वाटत नाही. आमच्या सौभाग्यवतींना वाटते, कारण माहेरच्या घरी हेच काम फुकट झाले असते असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर माझे उत्तर असे की माहेरी प्रत्येक पार्सलामागे एक जेवण आणि दोन तास गप्पा होतात, आणि डिझेल वेगळे. एक गोष्ट मात्र दरात बसत नाही आणि आधी कुणी सांगतही नाही. शेजारी जर्द्याचे गोदाम आहे. आठवडाभर मांडणीत राहिलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला जो वास लागला, तो दोन महिने उन्हात ठेवूनही गेला नाही. पुस्तके आणि कपडे मागवणाऱ्यांनी दोन दिवसांत उचलावीत.

दोष आणखीही आहेत. पैसे देऊन सोडवायचे पार्सल दुकानदार घेत नाही, आणि एकदा हात पोळल्यामुळे घेत नाही असे तो सांगतो. ते मला मान्य आहे. ओटीपीचा प्रश्न मात्र अर्धवट सुटला आहे. पत्त्यात त्याचा क्रमांक दिला तरी काही कंपन्यांचा ओटीपी खात्याच्या, म्हणजे आमच्याच मोबाइलवर येतो. जांबोटीच्या पुढे चोर्ल्याकडे वळलो की मोबाइलला रेंज नसते. निपाणीत पोरगा खोके घेऊन दारात उभा, दुकानदार मला फोन लावतोय, आणि मी झाडाखाली डाळ शिजवत बसलेलो, असे दोनदा झाले. दोन्ही वेळा पार्सल परत गेले. आता मागणी नोंदवण्याआधी आम्ही पुढचे पाच दिवस रेंजच्या गावात राहायचे ठरवतो, म्हणजे पार्सलच आमचा मुक्काम ठरवते. याहून मोठा दोष असा की दुकान यात्रेच्या दिवसांत न सांगता बंद असते. गेल्या माघात चार दिवस शटर खाली होते आणि त्या चारांपैकी एका दिवशी आमचे पाण्याचे फिल्टर आले आणि गेले. व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकायला चार दिवसांत वेळ मिळू नये, हे मला पटले नाही.

सरकारी आणि बँकेच्या कागदांसाठी मी हे दुकान वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नये, असे स्पष्ट सांगतो. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याची रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आता पाठवणाऱ्याने जादा शुल्क भरून स्पीड पोस्टला नोंदणी जोडली, तर ती वस्तू ज्याच्या नावाने आहे त्यालाच किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसालाच मिळते. झेरॉक्सवाल्याने सही करून घेण्याची सोय तिथे नाही, आणि ती नसावी हेच योग्य. असे कागद आम्ही सौभाग्यवतींच्या भावाच्या घरी मागवतो आणि त्याला अधिकारपत्र लिहून दिले आहे. गाडीचे नोंदणीपत्र आणि परवाना डिजिलॉकरमध्ये असल्यामुळे ते कागद तरी टपालाने फिरवावे लागत नाहीत.

साध्या पत्रांसाठी मात्र एक जुनी सोय आहे, जिचा बहुतेकांना विसर पडला आहे. पाकिटावर आपले नाव, त्याखाली "पोस्ट रेस्टांट" आणि त्याखाली बेळगावचे मुख्य टपाल कार्यालय, ५९०००१, एवढेच लिहिले तर पत्र वाटपाला बाहेर जात नाही. ते कार्यालयातच राहते आणि ओळखपत्र दाखवून नेता येते. मी कॅम्पातल्या त्या खिडकीशी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी आधी शब्द पुन्हा विचारला, मग आतल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना हाक मारली, आणि त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून माझ्या मित्राचे आंतरदेशीय पत्र काढून दिले. त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. खाजगी कुरिअरचे पार्सल मात्र या मार्गाने येत नाही, म्हणून दुकानाची गरज उरतेच. आणि पत्र न्यायला पंधरवड्याच्या आत जावे हे बरे.

जड वस्तूंचे गणित निराळे. गाडीची लिथियम बॅटरी कोल्हापूरहून मागवायची होती, आणि बॅटरी ठेवून घ्यायला दुकानदार तयार नव्हता. जीएसटी येण्यापूर्वी, म्हणजे १ जुलै २०१७ च्या आधी, अशी वस्तू राज्याच्या सीमेवरील कोगनोळीच्या नाक्यावरून आणायची तर कागदपत्रांसाठी थांबावे लागे. आता नीट बिल असले आणि माल पन्नास हजारांच्या आतला असला तर ई-वे बिलही (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) सहसा लागत नाही. आम्ही गाडी घेऊन स्वतःच गेलो. लहान जड वस्तूंसाठी बसचे पार्सल हा उत्तम मार्ग आहे. कर्नाटकच्या परिवहन महामंडळांनी २०२१ मध्ये "नम्म कार्गो" सुरू केले, त्यात पत्ता लागत नाही, बसस्थानक लागते. हुबळीहून निघालेला पंप संध्याकाळी बेळगावच्या स्थानकावर ओळखपत्र दाखवून उचलता आला. सीमेपलीकडून एसटीने मागवायचे असेल तर आधी बातम्या पाहाव्यात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावादावरून दोन्ही राज्यांतील बससेवा बंद पडली होती, आणि अशा वेळी माणसांचेच हाल होतात तिथे खोक्यांना कोण विचारतो.

एवढे सगळे धरून या दुकानाला मी पाचांपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण यात्रेच्या शटरचा कापला, अर्धा जर्द्याच्या वासाचा, आणि उरलेला अर्धा माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा, जो दुकानदाराच्या मते आता परत द्यायला हरकत नाही. ज्यांना महिन्यातून एकदा तरी निपाणीहून जाणे जमत नाही त्यांनी या भानगडीत पडू नये. पंधरा दिवसांनंतरचे पाच-पाच रुपये आणि मधल्या काळातला दमटपणा मिळून वस्तूपेक्षा तिचे भाडे जास्त होते. ज्यांचा फेरा आमच्यासारखा बांधीव आहे त्यांनी पहिल्या भेटीत एक पाकीट स्वतःच्याच नावाने तिथे पाठवून पाहावे आणि वहीतला शेरा वाचावा. आमच्या पहिल्या पाकिटापुढे त्याने "हलके, आत काही नसावे" असे लिहिले होते, आणि खरोखरच आत कोरा कागद होता.