पायइन्स्टॉलर वापरून बघितलं, मामाची उधारी उडवून झाली

मामाचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे, त्याच्या उधारीच्या वहीसाठी मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, नाव टाका, रक्कम टाका, सेव्ह, बस. पण दुकानातल्या पीसीवर पायथन कोण टाकणार आणि काळी खिडकी दिसली की मामाला व्हायरस आल्यासारखं वाटतं, म्हणून पायइन्स्टॉलर घेतलं, म्हणजे पायथनची स्क्रिप्ट पायथन नसलेल्या पीसीवरही चालेल असं ॲप बनवणारं टूल. फुकट आहे, शिवाय बनवलेलं ॲप उद्या विकलं तरी लायसनची अडचण नाही.

पिपने (पायथनची पॅकेजेस टाकायची कमांड) टाकलं, एक कमांड मारली, डिस्ट फोल्डरमध्ये ॲप तयार. काळी खिडकी नको असेल तर विंडोड ऑप्शन. इथपर्यंत पैसा वसूल (फुकट असून पण).

मग मला हाव सुटली आणि मी वनफाइल केलं, म्हणजे सगळं एकाच ईएक्सईमध्ये, पेनड्राइव्ह खिशात टाकून लोकलने गेलो. दुकानात डबल क्लिक केलं तर काहीच नाही. वनफाइल दरवेळी आधी सगळं सामान टेम्प फोल्डरमध्ये सोडतं आणि मग चालू होतं, जुन्या हार्ड डिस्कवर वेळ लागणारच, पण मामाने तोवर अजून चार क्लिक हाणले आणि थोड्या वेळाने पाच खिडक्या एकदम हजर 😂

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. मामाचा फोन, "अरे, कालची सगळी उधारी माफ केलीस काय रे?" चूक माझीच होती, डेटाफाइल मी स्क्रिप्टच्या बाजूला सेव्ह करत होतो, आणि वनफाइलमध्ये स्क्रिप्टची बाजू म्हणजे तोच टेम्प फोल्डर, ॲप बंद केलं की साफ! रस्ता आता ईएक्सईवरून काढतो, त्यासाठी पायथनच्या sys मॉड्यूलमधलं एक्झिक्युटेबल (sys.executable) वापरायचं.

शेवटी वनडिर केलं, म्हणजे एका फाइलऐवजी ईएक्सई आणि बाकी सामान एका फोल्डरमध्ये, जे मुळात डिफॉल्टच आहे, आणि झटकन उघडतं. अँटिव्हायरस उगाच ओरडतो ते दोन्हीकडे होऊ शकतं, आमच्याकडे वनफाइलवर ओरडला, वनडिरवर अजून तरी गप्प आहे. आणि हो, मॅकवर बसून विंडोजची ईएक्सई होत नाही, त्यासाठी भावाचा विंडोज लॅपटॉप मागावा लागला.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला कारण पायइन्स्टॉलर 6.0 पासून वनडिरमध्ये ईएक्सईच्या बाजूला इंटर्नल (_internal) नावाचा फोल्डर येतो, त्याच्याशिवाय ॲप उघडत नाही, आणि मामाने तो कचरा समजून डिलीट केला होता. आता डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट आहे, फोल्डर कुठे ठेवलाय ते मामाला सांगितलेलं नाही.