ग्लुटेनविरहित शेफर्ड्स पाई : मैदा काढल्यावर रस्सा कशाने दाट करावा?

शेफर्ड्स पाईच्या नावात ‘पाई’ असली तरी तिला पिठाची पारी नसते. खाली मेंढीच्या मटणाचा खिमा आणि भाज्या, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर आणि शेवटी ओव्हनमधली खरपूस भाजणी, एवढीच तिची रचना आहे. पाव किंवा केक यांचा डोलारा ग्लुटेनवर, म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या चिवट प्रथिनावर, उभा असतो, त्यामुळे गव्हाचे पीठ काढले की तो कोसळतो. या पदार्थात मात्र मैद्याकडे रस्सा दाट करण्यापलीकडे कोणतेही काम नसते. म्हणूनच ग्लुटेन टाळणाऱ्या व्यक्तीसाठी ही पाई घरी करणे सोपे आहे. मैद्याच्या जागी येणारे पदार्थ मात्र एकमेकांपेक्षा बरेच वेगळे वागतात. त्यांपैकी एक निवडताना पाई आजच संपणार आहे की फ्रीझरमध्ये जाणार आहे, हे आधी ठरवावे; माझ्या मते निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

तुलना एकाच मापावर व्हावी म्हणून चार जणांचे प्रमाण धरू : 500 ग्रॅम खिमा, एक मोठा कांदा, दोन गाजरे, दोन मोठे चमचे टोमॅटोची घट्ट प्युरी, 300 मिलिलिटर स्टॉक (हाडे आणि भाज्या उकळून केलेले पाणी) आणि वरच्या थरासाठी 800 ते 900 ग्रॅम बटाटे. नेहमीच्या कृतीत एवढ्या रश्शाला साधारण दोन मोठे चमचे मैदा लागतो.

पहिला आणि सर्वांत सहज सुचणारा पर्याय कॉर्नफ्लोअरचा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्याशुभ्र स्टार्चचा. मैद्यात प्रथिनेही असतात आणि त्यांचा दाटपणाला फारसा हातभार लागत नाही. कॉर्नफ्लोअर जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्यामुळे एकच मोठा चमचा पुरतो. तो गार पाण्यात कालवून, खिमा शिजल्यावर, उकळत्या रश्शात हलवत ओतायचा असतो. कोरडी पूड थेट गरम रश्शात टाकली तर तिचे बाहेरचे कण क्षणात फुगतात, आतली पूड कोरडीच राहते आणि गुठळ्या होतात. पूर्ण दाटपणा येण्यासाठी रस्सा खळखळून उकळावा लागतो, त्यामुळे ओतल्यानंतर एक-दोन मिनिटे थांबावे. चव तटस्थ राहते, रश्शाला थोडी चकाकी येते आणि सगळे काम पाच मिनिटांत आटोपते. कृती वाचताना एवढे लक्षात ठेवावे की ब्रिटिश कृतीतील ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणजे स्टार्च, तर अमेरिकन कृतीत त्याच नावाने मक्याचे बारीक दळलेले पीठ अभिप्रेत असते आणि स्टार्चला ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात.

कॉर्नफ्लोअरचा दोष गोठवल्यावर उघड होतो. त्याच्या स्टार्चचा साधारण चौथा हिस्सा अमायलोज या सरळ साखळीच्या घटकाचा असतो. गार होताना आणि गोठताना या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि धरून ठेवलेले पाणी बाहेर ढकलतात. परिणामी फ्रीझरमधून काढलेल्या पाईच्या तळाशी पाणी साचलेले दिसते आणि वरचा रस्सा स्पंजासारखा भासतो. पुन्हा गरम केल्यावर थोडा फरक पडतो, पण पहिल्या दिवसाचा पोत परत येत नाही.

तांदळाच्या पिठीची गोष्ट निराळी आहे. ती मैद्याइतकीच, म्हणजे दोन मोठे चमचे लागते आणि तिची पद्धतही मैद्याचीच आहे : खिमा आणि कांदा परतून झाल्यावर कढईत सुटलेल्या चरबीवर ती भुरभुरावी, मंद आचेवर दोन मिनिटे परतावी आणि मग स्टॉक थोडाथोडा घालत जावे. मेंढीचा खिमा चरबी बरीच सोडतो. त्यातली दोन मोठे चमचे ठेवून बाकीची काढून टाकली तर पिठी तिच्यात नीट भिजते आणि वर तेलाचा तवंगही येत नाही. मैद्याच्या रश्शाचा अपारदर्शक, बिनचकाकीचा घट्टपणा ज्यांना हवा आहे, त्यांना याहून जवळचा पर्याय मिळणे कठीण आहे. मोबदल्यात वेळ द्यावा लागतो. स्टॉक घातल्यावर रस्सा आठ-दहा मिनिटे तरी मंद आचेवर शिजला पाहिजे, नाहीतर जिभेला बारीक कण लागतात आणि ज्याने आयुष्यभर मैद्याचा रस्सा खाल्ला आहे, त्याला तो फरक पहिल्याच घासात कळतो.

तांदळाच्याच कुळातली चिकट तांदळाची पिठी या पदार्थासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते, आणि नेमकी तीच अनेकजण नावामुळे टाळतात. इंग्रजीत तिला ‘ग्लुटिनस’ म्हणतात, पण त्या शब्दाचा अर्थ केवळ चिकट असा आहे. या तांदळात ग्लुटेन नसते. त्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळजवळ नसतेच, त्यामुळे गोठवून वितळवल्यावरही रश्शाला पाणी सुटत नाही. दोन पाई एकदम करून एक फ्रीझरमध्ये ठेवण्याचा बेत असेल तर दुसऱ्या कशाचा विचार करण्याची गरज नाही. प्रमाण मात्र दीड मोठ्या चमच्यापासून सुरू करावे, कारण जास्त झाल्यास रस्सा खळीसारखा ताणला जातो.

बटाट्याचा स्टार्च आणि अरारूट हे दोन्ही ग्लुटेनविरहित आहेत, रस्साही झटकन दाट करतात, तरीही या पाईसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. बराच वेळ उकळल्यावर किंवा जोराने ढवळल्यावर त्यांचे फुगलेले कण फुटतात आणि रस्सा पुन्हा पातळ होतो. इथे तर भरलेले भांडे अर्धा तास ओव्हनमध्ये खदखदत राहणार असते. दुकानातली तयार ग्लुटेनविरहित मिश्र पिठे वापरता येतात, परंतु त्यांच्यात अनेकदा झँथन गम हा चिकटपणा देणारा पदार्थ मिसळलेला असतो. तो पावाला आधार देण्यासाठी आहे. या रश्शात त्याची गरज नाही आणि प्रमाण वाढले तर बुळबुळीतपणा येतो.

काहीच न घालण्याचा मार्गही आहे आणि तो जितका गांभीर्याने घ्यायला हवा तितका घेतला जात नाही. झाकण न ठेवता खिमा पंचवीस-तीस मिनिटे मंद आचेवर ठेवला तर रस्सा आटून आपोआप घट्ट होतो, टोमॅटो आणि मटणाची चव एकवटते आणि एका पुड्याची चिंता कमी होते. मीठही त्याच प्रमाणात एकवटते, म्हणून स्टॉक अळणी घ्यावे आणि मीठ शेवटी चाखून घालावे. तरीही सैल वाटल्यास वरच्या थरासाठी कुस्करलेल्या बटाट्यातला एक मोठा चमचा रश्शात मिसळावा. निम्म्या खिम्याऐवजी 100 ग्रॅम मसूर डाळ घातली तर ती विरघळून रस्सा उत्तम दाट करते, मात्र स्टॉक थोडे वाढवावे लागते आणि चव मटणाकडून डाळीकडे झुकते. डाळ शिजवण्यापूर्वी निवडणे आवश्यक आहे, कारण शेतात किंवा गिरणीत तिच्यात गव्हाचे किंवा बार्लीचे दाणे मिसळू शकतात.

दाट करण्याचा पदार्थ कितीही विचारपूर्वक निवडला तरी ग्लुटेन दुसऱ्या दाराने आत येऊ शकते, आणि ते दार बहुधा बाटलीचे किंवा वडीचे असते. या पाईत हमखास पडणाऱ्या वूस्टरशर सॉसचेच पाहा. लीआ अँड पेरिन्स या कंपनीच्या ब्रिटनमधील सॉसमध्ये बार्लीपासून केलेले माल्ट व्हिनेगर असते, तर अमेरिकेतील सॉसमध्ये त्याऐवजी ऊर्ध्वपातित पांढरे व्हिनेगर वापरतात. म्हणजे बाटली ओळखीची असली तरी तिच्यावरचे लेबल प्रत्येक वेळी वाचावे लागते. स्टॉकच्या वड्यांमध्ये आणि झटपट ग्रेव्हीच्या दाण्यांमध्ये गव्हाचे पीठ असू शकते, यीस्टचा अर्क बिअरच्या बार्लीतून आलेला असू शकतो आणि सोया सॉस बहुतेक वेळा गव्हासह आंबवलेला असतो. ‘गव्हाशिवाय’ आणि ‘ग्लुटेनविरहित’ हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत, कारण पहिल्यात बार्ली आणि राय यांना वाव राहतो. दुसऱ्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाच्या मानकात किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेनची कमाल मर्यादा घातलेली आहे. हाडे आणि भाज्या उकळून घरी केलेल्या स्टॉकला दोन तास लागतात, पण त्याचे लेबल वाचावे लागत नाही.

हा काटेकोरपणा किती पाळायचा, हे पाई कोण खाणार यावर ठरते. सीलिअॅक आजार असलेल्या व्यक्तीसाठी अल्प मात्राही आतड्याला इजा करणारी असते आणि शिजवल्याने किंवा भाजल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. त्यामुळे नेहमी पास्ता निथळणारी चाळणी आणि पिठात वापरलेले लाकडी चमचे बाजूला ठेवून बटाट्यांसाठी वेगळी भांडी घ्यावीत. अशा पाहुण्यासाठी, पदार्थ कमी आणि म्हणून शंकाही कमी, या कारणाने मी आटवलेला रस्सा आणि घरचा स्टॉक निवडेन. केवळ आवड म्हणून ग्लुटेन कमी करणाऱ्याला एवढी दक्षता लागत नाही आणि त्याच्यासाठी कॉर्नफ्लोअर पुरेसे आहे.

वरच्या थराबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पिठूळ बटाटे गार पाण्यातून उकळायला ठेवून, निथळून, वाफ जाऊ देऊन हाताने कुस्करावेत. मिक्सरच्या पात्यांनी त्यांच्यातला स्टार्च मोकळा होऊन लगदा चिवट होतो. रताळ्याचा थर गोडसर लागतो आणि फुलकोबीचा थर पाणी सोडतो, त्यामुळे फुलकोबी वापरायची असेल तर खालचा रस्सा नेहमीपेक्षा घट्ट ठेवावा. रस्सा कोणताही असो, तो थोडा निवल्यावरच बटाटा पसरावा, कारण कढत आणि सैल रश्शात तो खचतो. मग काट्याने रेघा ओढून पाई 200 अंश सेल्सिअसला पंचवीस ते तीस मिनिटे भाजावी. फ्रीझरसाठी केलेली पाई न भाजताच, पूर्ण गार करून, झाकून ठेवावी, आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवावी आणि भाजताना दहा-पंधरा मिनिटे अधिक द्यावीत. मध्यभागी खुपसलेली सुरी बाहेर काढल्यावर हाताला कढत लागली की ती वाढायला तयार झाली.